तपासाचे पहिले चोवीस तास

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, व्याख्यानमालेच्या तिसऱ्या दिवशी झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते मध्य प्रदेश पोलीस दलातून उपअधीक्षक म्हणून निवृत्त झाले असून मंडळाचे जुने सभासद आहेत.)



गणपतीच्या मांडवात मी आयुष्यभर उभा राहिलो, पण बाहेरच्या बाजूला, हातात काठी घेऊन. आत येऊन माइकसमोर उभे राहण्याची ही पहिलीच वेळ. तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्या. शिवाय माझे मराठी घरातले, आणि नोकरीचे सगळे शब्द हिंदीतले. छत्तीस वर्षे 'कायमी', 'मर्ग', 'विवेचना', 'चालान' याच भाषेत गेली. मधेच एखादा शब्द तसा आला तर आपण इकडचीच मंडळी आहात, समजून घ्याल.

सेक्रेटरी घरी आले तेव्हा म्हणाले, "साहेब, गुन्ह्यांच्या तपासावर बोला. जरा रंगवून सांगा, पोरंटोरं असतात." मी म्हटले, रंगवायचे काम बाबूराव अर्नाळकरांनी करून ठेवले आहे. लहानपणी आपल्याच मंडळाच्या वाचनालयातून मी झुंजार, काळा पहाड, धनंजय नेऊन वाचत असे. पोलिसात जायचे मनात आले ते त्या पुस्तकांमुळेच. पण नोकरीत गेल्यावर एक फरक पहिल्या आठवड्यातच कळला. पुस्तकातला डिटेक्टिव्ह एका वेळी एकच गुन्हा तपासतो. माझ्या टेबलावर पहिल्याच वर्षी एकतीस होते. आणि तपास हे माझ्या दिवसभराच्या कामांपैकी फक्त एक काम होते.

आपण टीव्हीवर 'सीआयडी' पाहतो. त्यात प्रयोगशाळेतले डॉक्टर नळीत दोन थेंब टाकतात आणि जाहिरात संपायच्या आत रिपोर्ट देतात. आमच्याकडे नळी होती, थेंब होते, डॉक्टरही होते. फक्त आमचे पाकीट त्यांच्या टेबलापर्यंत पोचायला काही महिने लागत. हसू नका, मीसुद्धा तेव्हा हसत असे.

आज मी एकच प्रकरण सांगणार आहे. ते माझ्या यशाचे नाही. यशाची चार-पाच प्रकरणे मलाही सांगता येतील, पण आपल्यासारख्या देशात तपास कुठे अडतो, हे मला ज्या एका प्रकरणाने शिकवले ते हेच. आणि योगायोग असा की ते गणपतीतलेच आहे.

१९८९ साल. नर्मदेकाठच्या एका तहसिलीच्या गावी मी ठाणेदार होतो. गावाचे नाव सांगत नाही, त्या घरांतली माणसे अजून आहेत. अनंत चतुर्दशीचा दिवस. सकाळी साडेसहाला दूधवाला धावत ठाण्यात आला. जुन्या वस्तीत एक वृद्ध विधवा बाई एकट्या राहत. सगळे गाव त्यांना काकीजी म्हणे. दागिने गहाण ठेवून घेऊन त्या व्याजाने पैसे देत. दूधवाला म्हणाला, पुढचे दार उघडे आहे आणि काकीजी आतल्या खोलीत मरून पडल्या आहेत.

पावणेसातला मी पोचलो तेव्हा घरात निदान चाळीस माणसे होती. शेजारणींनी प्रेताच्या डोक्याखाली उशी सरकवली होती, अंगावर चादर घातली होती. आतल्या खोलीपासून अंगणापर्यंत रक्ताचे ठिपके होते, असे दूधवाला सांगत होता. ते अंगण शेजारच्या सुनेने पाणी टाकून धुतले होते आणि वर शेणाने सारवले होते. लोक येणार, लहान पोरे घाबरतील, असे तिच्या मनात आले. तिचा हेतू चांगलाच होता. मागच्या पडवीची कौले सरकलेली दिसत होती, पण तिथेही दोन उत्साही तरुण चढून पाहून आले होते. लोखंडी पेटी उघडी होती. तिचे कुलूप एक गृहस्थ हातात घेऊन सर्वांना दाखवत होते.

मित्रहो, मृत माणूस बोलत नाही, पण त्याच्याभोवतीच्या वस्तू बोलतात. मात्र त्या फार थोडा वेळ बोलतात. त्या घरातल्या वस्तू मी पोचायच्या आधीच गप्प झाल्या होत्या.

आता माझ्याकडे माणसे किती? ठाण्याची मंजूर संख्या बावीस, हजर पंधरा. त्या दिवशी नऊ मंडळांचे विसर्जन. आदल्या वर्षी मिरवणुकीत दगडफेक झालेली, त्यामुळे वरून सक्त ताकीद. माझ्याबरोबर घटनास्थळी होते एक हेड कॉन्स्टेबल आणि एक शिपाई. पंचनामा केला, नकाशा काढला, प्रेत ट्रॅक्टरवर घालून शवविच्छेदनाला पाठवले. दुपारी दोन वाजता वायरलेसवर निरोप आला की ठाणेदार मिरवणुकीच्या पुढे हवेत. मी गेलो. घराच्या दारात एक होमगार्ड बसवला. शेवटचा गणपती पहाटे साडेतीनला नर्मदेत गेला. चार वाजता मी परत आलो तेव्हा समजले की संध्याकाळी परगावचे नातेवाईक आले होते आणि काय गेले, काय राहिले हे पाहण्यासाठी त्यांनी पेटीतल्या सगळ्या वस्तू बाहेर काढून पुन्हा भरल्या होत्या. होमगार्डने त्यांना अडवले नाही. घरचीच माणसे, कसे अडवणार?

खुनाच्या तपासातले पहिले चोवीस तास असे संपले.

हे फक्त त्या एका ठाण्याचे दुखणे आहे असे समजू नका. पोलीस संशोधन व विकास ब्यूरोची १ जानेवारी २०२० ची आकडेवारी सांगते की देशात लाख लोकांमागे पोलिसांची मंजूर पदे सुमारे १९५ होती, आणि प्रत्यक्ष माणसे सुमारे १५६. त्यात राखीव सशस्त्र दलेही आली, वाहतूकही आली. राहिलेल्यांनी गस्त घालायची, मंत्र्यांचा दौरा सांभाळायचा, परीक्षा-निवडणुका-उरूस पाहायचे, समन्स बजावायचे, आणि मग वेळ उरला तर तपास करायचा. २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात आदेश दिले. त्यातला एक असा की तपास करणारे पोलीस आणि बंदोबस्त पाहणारे पोलीस वेगळे करा, सुरुवात दहा लाखांवरच्या शहरांपासून करा. तो आदेश वाचताना मला ती चतुर्दशी आठवली. पण बहुतेक ठिकाणी हे वेगळेपण आजही अर्धवटच आहे, आणि तहसिलीच्या ठाण्यात तर ठाणेदार अजूनही दुपारी दोन वाजता पंचनामा सोडून मिरवणुकीपुढे जातो.

पुढे ऐका. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. तिसऱ्या दिवशी मोर्चा आला. एका पुढाऱ्याचा फोन रोज सकाळी आणि वरिष्ठांचा रोज संध्याकाळी. दोघांचा प्रश्न एकच, "क्या हुआ?" आपल्याकडे तपासाला मुदत कायद्याने नव्वद दिवसांची आहे, खुनाच्या प्रकरणात आरोपी कोठडीत असेल तर तेवढ्यात चालान दाखल व्हावे लागते, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. पण लोकांनी दिलेली मुदत चार दिवसांची असते.

आणि मला एक माणूस मिळाला. काकीजींकडे पाणी भरणारा, गुरे बघणारा एक गडी होता. वय बावीस-तेवीस. चतुर्दशीला तो कामावर आला नव्हता. बहिणीच्या गावी गेला होता. सगळे गाव म्हणाले, फरार झाला. आम्ही त्याला बहिणीच्या घरून उचलून आणले. चौथ्या दिवशी रात्री त्याने कबुली दिली.

कशी दिली, हे आपण विचारणार नाही, कारण आपल्याला ठाऊक आहे. मी त्याला हात लावला नाही. मी खोलीच्या बाहेर चहा पीत उभा होतो. या दोन गोष्टींत मोठा फरक आहे असे मला त्या वेळी वाटत होते.

पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २५ हेच सांगत होते, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कलम २३ म्हणून कायम आहे. इंग्रजांनासुद्धा आपल्या पोलिसांचा भरवसा नव्हता आणि स्वतंत्र भारताच्या संसदेनेही तो ठेवलेला नाही. पण त्याच कायद्यात एक खिडकी आहे. आरोपीने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर सांगण्याचा तेवढा भाग पुराव्यात घेता येतो. म्हणून प्रत्येक जुन्या केस डायरीत तुम्हाला एक ठरलेले वाक्य सापडेल : 'आरोपीने दाखवलेल्या जागेवरून हत्यार जप्त.' आमच्याही डायरीत आले. त्याच्या घरातून एक हंसिया, म्हणजे आपला विळा, जप्त केला. त्या भागात विळा नसलेले शेतकऱ्याचे घर नाही. आणि एक सदरा, ज्यावर डाग होते. सदरा पावसाने ओला होता. तो आम्ही तसाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून, लाखेचे सील मारून पाठवून दिला.

रक्ताचा कपडा सावलीत वाळवून कागदात बांधायचा असतो, हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो. परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण त्या रात्री ते कुणाच्या लक्षात आले नाही. अनेक महिन्यांनी अहवाल आला : कपडा कुजल्यामुळे रक्ताचा गट सांगता येत नाही. तो डाग काकीजींचा होता, त्याच्या स्वतःचा होता की एखाद्या जनावराचा, हे आता कुणालाच कधी कळणार नाही.

एक गोष्ट मात्र सापडली होती. ठसेतज्ज्ञ जिल्ह्याहून बसने दुसऱ्या दिवशी दुपारी आले. घरात सगळीकडे गावाचे हात लागलेले. पण पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, त्यांना एक स्वच्छ ठसा मिळाला. नातेवाइकांचे ठसे घेऊन पाहिले, त्यांचा नव्हता. तिसऱ्या आठवड्यात गड्याच्या ठशाशी ताडून अहवाल आला. त्याचाही नव्हता.

मित्रहो, मी त्या वेळी काय केले? तो कागद डायरीला लावला, खाली एक ओळ लिहिली आणि पुढे गेलो. माझ्याकडे कबुली होती, विळा होता, सदरा होता, आणि गाव शांत झाले होते. आरोपी हातात असताना त्याच्याविरुद्ध जाणारा कागद तपास अधिकाऱ्याला नकोसा वाटतो. मनुष्यबळ नाही, गाडी नाही, डिझेल नाही, या सगळ्या अडचणी खऱ्या आहेत. पण सगळ्यांत मोठी अडचण ही की या सगळ्या अडचणी मिळून आम्हाला एकाच सोप्या वाटेकडे ढकलतात. वस्तूवरून माणसाकडे जायचे सोडून आम्ही आधी माणूस धरतो आणि मग त्याच्या मापाच्या वस्तू गोळा करतो.

गंमत अशी, म्हणजे गंमत नाही, पण पाहा, ठशांचे हे शास्त्र जगाला दिले ते आपल्याच देशाने. जगातले पहिले फिंगरप्रिंट ब्यूरो १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झाले. नाव झाले एडवर्ड हेन्री या पोलीस महानिरीक्षकांचे, पण ठशांच्या वर्गीकरणाचे बारीक काम केले अझिजुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय फौजदारांनी. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, जलपाईगुडीकडच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. संशय मजुरांवर गेला, स्वयंपाक्यावर गेला. स्वयंपाक्याच्या कपड्यांवर रक्तही होते. तो म्हणाला, साहेबांच्या जेवणासाठी कबूतर कापले. रासायनिक तपासणीत त्याचे म्हणणे खरे ठरले. मग मयताच्या कागदपत्रांतल्या एका बंगाली पंचांगावर अंगठ्याचा रक्ताळलेला ठसा मिळाला आणि तो ब्यूरोतल्या एका जुन्या गड्याच्या नोंदीशी जुळला. त्याला पूर्वी चोरीची शिक्षा झालेली होती. न्यायालयाने त्याला चोरीसाठी शिक्षा दिली, खुनाच्या आरोपातून मात्र सोडले. एवढ्या नव्या पुराव्यावर फाशी देण्याची त्यांची तयारी नव्हती. म्हणजे १८९८ च्या त्या फौजदारांनी स्वयंपाक्याचे म्हणणे तपासून पाहिले. मी १९८९ मध्ये गड्याचे पाहिले नाही. तो म्हणत होता, मी बहिणीकडे होतो. तिच्या गावात जाऊन चार शेजाऱ्यांना विचारायला मला फक्त एक दिवस लागला असता.

डीएनए तपासणीचेही असेच आहे. इंग्लंडमध्ये लेस्टरशायरला दोन मुलींचे खून झाले होते. त्यातल्या एका खुनाची एका सतरा वर्षांच्या मुलाने कबुली दिली होती. १९८६ मध्ये अलेक जेफ्रीज यांनी नवी तपासणी करून पाहिली आणि तो मुलगा निर्दोष निघाला. गुन्हेगार नंतर सापडला. गुन्ह्याच्या तपासात डीएनएचा पहिला मोठा उपयोग झाला तो एका निरपराध माणसाला सोडवण्यासाठी, हे आमच्या नव्या उपनिरीक्षकांना मी नेहमी सांगत असे.

आता खटल्याचे सांगतो. चौदा महिने तो मुलगा तुरुंगात होता. सुनावणीत आमचे दोन्ही पंच उलटले. पंच म्हणजे कोण? ठाण्यासमोरचे पानवाले आणि सायकलवाले. प्रत्येक पंचनाम्याला तेच दोघे, कारण दुसरे कुणी येतच नाही. ते म्हणाले, आम्ही सह्या ठाण्यात केल्या, जप्ती आम्ही पाहिली नाही. शेजारचे साक्षीदार म्हणाले, आम्हाला काही आठवत नाही. आणि बचाव पक्षाच्या वकिलांनी ठशाचा तो कागद पुढे केला. न्यायाधीशांनी निकालपत्रात त्या ठशावर दोन पाने लिहिली. माझ्या डायरीत त्यावर एक ओळ होती. तो निर्दोष सुटला.

साक्षीदार का उलटतात? दर वेळी पैसे घेऊन नव्हे. आमच्या त्या पानवाल्याला एका खटल्यात सहा वेळा कोर्टात यावे लागले होते. दर वेळी दुकान बंद, दिवसभर बाकावर बसणे, आणि संध्याकाळी पुढची तारीख. त्यात आरोपी दांडगा असेल तर घराबाहेर रात्री मोटारसायकली फिरतात. दिल्लीतल्या जेसिका लाल प्रकरणात १९९९ साली भरल्या पार्टीत खून झाला, साक्षीदार उलटले, २००६ च्या फेब्रुवारीत आरोपी सुटले आणि देशभर गदारोळ झाल्यावर त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. राजधानीत ही गत, तर तहसिलीत काय? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली आणि २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत प्रत्येक राज्याने अशी योजना करावी असे कलमच आहे. कागद तयार आहे. आता साक्षीदाराच्या दारापर्यंत तो पोचायचा आहे.

प्रकरण इथे संपले असते तरी मी कदाचित विसरलो असतो. पण चार वर्षांनी, १९९३ मध्ये, शेजारच्या जिल्ह्यात एक घरफोड्या पकडला गेला. कौले काढून उतरायचे आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना गाठायचे, ही त्याची पद्धत. त्याच्याकडे जुन्या घडणीचे दागिने मिळाले. तिथल्या अधिकाऱ्याने मला पत्र लिहिले. मी तोवर बदलून गेलो होतो, तरी धावत त्या जुन्या ठाण्यात गेलो. म्हटले, पेटीवरचा ठसा काढा, ताडून पाहू. मालखान्यात ती गठडी वाळवीने खाल्लेली होती. ठशाचे कार्ड नाही, फोटो नाही, निगेटिव्ह नाही. कोर्टाच्या नस्तीतली प्रत इतकी पुसट की तज्ज्ञांनी मान हलवली. दागिने ओळखू शकेल अशी काकीजींची एकुलती बहीण त्याच वर्षी वारली होती.

तो घरफोड्याच खुनी होता का? मला सांगता येणार नाही. आजही नाही. एका निरपराध माणसाचे चौदा महिने गेले, आणि काकीजींना मारणारा कोण, हे कुणालाच कळले नाही. चुकीचा माणूस पकडला की अन्याय एक होत नाही, दोन होतात.

त्या मुलाला मी नंतर एकदा भेटलो. २००१ मध्ये नर्मदा जयंतीच्या बंदोबस्तात होतो. घाटावर चहाच्या टपरीवर गेलो आणि समोर तो. मी ओळखायच्या आधी त्याने मला ओळखले. म्हणाला, "दरोगाजी, चाय?" मी काहीतरी विचारायचे म्हणून घरचे विचारले. आई तो आत असतानाच गेली होती. दोन म्हशी वकिलाच्या फीमध्ये गेल्या होत्या. माझ्याकडे न पाहता, गाळणीतून चहा गाळता गाळता तो एवढेच म्हणाला, "साहब, मैंने तो पहले दिन ही बता दिया था, बहन के यहाँ था." मी पैसे दिले. त्याने सुट्टे मोजून परत दिले. माफी मागायचे माझ्या मनात होते. गर्दीत वायरलेस वाजला आणि मी निघालो. वायरलेस वाजला नसता तरी मी मागितली असती का, हे मला ठाऊक नाही. म्हणून आज इथे इतक्या लोकांसमोर हे सांगतो आहे.

आता काय बदलले आहे, तेही सांगितले पाहिजे, नाहीतर आपण निराश होऊन घरी जाल. पुष्कळ बदलले आहे. ठाणी संगणकाने जोडली गेली. २०२२ पासून राष्ट्रीय पातळीवर ठशांचा संगणकीय साठा आहे; १९८९ चा तो एक ठसा आज असता तर देशभरच्या नोंदींशी ताडून पाहता आला असता. मोबाइलच्या नोंदी आहेत, चौकाचौकांत कॅमेरे आहेत. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचे नियम घालून दिले आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांतही कॅमेरे लावायला सांगितले. नव्या संहितेप्रमाणे झडती-जप्तीचे चित्रीकरण करायचे आहे आणि सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यायचे आहे; त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. माझ्या वेळी हे असते तर तो विळा कुठून आला हे सर्वांना दिसले असते.

पण यंत्र आले म्हणून अडचण गेली असे नाही. आता फसवणारा एका राज्यात, सिम दुसऱ्या राज्यातल्या मजुराच्या नावावर, आणि पैसे तिसऱ्या राज्यात भाड्याने घेतलेल्या खात्यात. आपल्या शहरातला उपनिरीक्षक तिकडे जायचा भत्ता मंजूर होईपर्यंत ते खाते रिकामे होते. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कुठलीही अटक कायद्यात नाही, हे आजी-आजोबांना घरी गेल्यावर सांगा. आणि फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० वर फोन करा. तिथे चोवीस तासांचासुद्धा अवधी नाही, पहिला तास मोलाचा.

शेवटी आपल्याकडून काय हवे, ते सांगतो. मी फार मागत नाही.

देव न करो, पण कुठे असा प्रसंग घडलेला दिसला तर माणूस जिवंत असेल तर आधी त्याला वाचवा. तो गेला असेल तर घराबाहेर या, दार ओढून घ्या आणि कुणाला आत जाऊ देऊ नका. सारवू नका, झाकू नका, मोबाइलवर चित्रे काढत फिरू नका.

पंच व्हायला कुणी विचारले तर 'नको बुवा कटकट' म्हणू नका. डोळ्यांसमोर जे झाले तेवढ्यालाच सही करा, आणि कोऱ्या कागदावर करू नका. आपण आला नाहीत तर ठाण्यासमोरचा पानवाला आहेच.

ठाण्यात गुन्हा नोंदवायला टाळाटाळ झाली तर मागे हटू नका. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवलीच पाहिजे, असे २०१३ च्या ललिता कुमारी निकालात घटनापीठाने सांगितले आहे. हद्द दुसरी असली तरी नोंदवून पुढे पाठवता येते. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

आणि चौथे. गावात काही वाईट घडले की मोर्चा काढा, जरूर काढा. पण 'चार दिवसांत पकडा' अशी पाटी धरू नका. 'खरा पकडा' असे लिहा. चार दिवसांत कुणीतरी पकडून देणे आम्हाला फार सोपे आहे. मी दिला होता.

एक छोटी विनंती मंडळाच्या कार्यकर्त्यांना. विसर्जनाची मिरवणूक ठरलेल्या वेळेला संपवा. बंदोबस्तातली मुले सकाळपासून उभी असतात, आणि त्यांच्यातल्या एखाद्याच्या टेबलावर उघडी केस पडलेली असते.

 गणपती बाप्पा मोरया!